धरणाचा दरवाजा, उसातलं दारं

‘राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले’ हा मथळा यंदाही आला. प्रत्येक दरवाजातून १४२८ क्युसेक, भोगावतीकाठच्या गावांना इशारा, पुढे पंचगंगेची पातळी. सगळं ओळखीचं.

गंमत अशी की राधानगरी धरणाचे हे सात दरवाजे उघडायला कुणी जात नाही. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की त्याच्याच भाराने ते उघडतात, उतरलं की मिटतात. तरी मथळा वाचताना वाटतं, वर कुणी साहेब चावी घेऊन उभा असावा. ‘दरवाजा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फळी, कडी आणि कुलूप येतं, त्याचा हा परिणाम.

खरं तर फळीला आपल्याकडे कवाड हा स्वतंत्र शब्द आहे. दार म्हणजे आधी वाट, मोकळी जागा. संस्कृत द्वार झिजून दार झालं. दरवाजा फारसीतून आला, पण फारसीतला ‘दर’ही त्याच कुळातला. म्हणून भाजीवाला दारावर येतो, तेव्हा तो फळीवर येत नाही. गीतेतल्या देहाला नऊ दारं आहेत, बिजागरी एकालाही नाही. वाड्याच्या अवाढव्य कवाडातल्या माणूसभर वाटेला दिंडी दरवाजा म्हणतात. शनिवारवाड्याला तर चक्क ‘खिडकी दरवाजा’ आहे!

पण माझ्या मते हा शब्द खरा जिवंत आहे तो उसाच्या फडात. ‘कुठं निघालास?’ ‘दारं धरायला.’ शहरातल्या पाहुण्याला वाटतं, गडी कुठे तरी चौकट बसवायला चाललाय. पाटातलं पाणी सरीत घ्यायला मातीच्या बांधाला पाडलेली वाट म्हणजे दारं. सरी भरली की खोऱ्याने माती ओढून ते बुजवायचं आणि पुढचं मोडायचं. इथे ‘मोडणं’ म्हणजे उघडणं. उशीर झाला तर पाणी शेजाऱ्याच्या रानात, आणि मग भांडण. आलमट्टी धरणाच्या २६ दरवाजांवरून दोन राज्यांत चालतं, तेच. फक्त इथे पत्रकार नसतात.

शेतीची वीज रात्रपाळीला असली की बॅटरी, खोरं घेऊन दोन वाजता फडात उतरावं लागतं. साप-विंचवाची भीती वेगळीच. मध्येच लाइट गेली, तर दारं तसंच उघडं ठेवून माणूस बांधावर बसतो, मोटर पुन्हा सुरू होईपर्यंत.