फुगलेली खुंटी

मृगाचे दोन-चार पाऊस झाले, माळव्याची काळी माती भिजली, की आपल्याकडच्या जुन्या घरांतली दारे फुगून बसतात. त्यांच्याबरोबर तंबोऱ्याच्या खुंट्याही. दार निदान लाथेने उघडते. खुंटीला तो इलाज नाही.

यंदा आषाढात एक शिष्या आपल्या आजीचा तंबोरा घेऊन आली. पंचमाची खुंटी तसूभर हलेना. तिला मालकंस बसवायचा होता. त्यात पंचम वर्ज्य, तेव्हा ती तार मध्यमावर उतरवायलाच हवी. बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याने खुंटी कापून काढा म्हणून सांगितलेले. शेजारच्या वखारीतल्या मिस्त्रींचे मत निराळे. त्यांच्या जुन्या गोल करवतीचे पाते वर-खाली करणारा स्क्रू भुसा व गंज धरून आवळला होता. तेल सोडून, रात्रभर थांबून, मागे-पुढे हलवत त्यांनी तो मोकळा केला. "गुरुजी, तेच तेल खुंटीत सोडू का?" असे तिने विचारले.

मिस्त्रींचा धीर घ्यावा, तेल घेऊ नये. लोखंड गंजाने धरते आणि तेल त्या गंजात शिरते. लाकूड ओल पिऊन फुगते, तेही रेषांच्या आडवे. उभे जवळजवळ नाहीच. खुंटी निमुळती, तिचे भोकही निमुळते, आणि दोघांच्या रेषा वेगवेगळ्या दिशांनी धावतात. त्यामुळे गोल खुंटी किंचित अंडाकृती होते व दोन ठिकाणी पाचरीसारखी रुतते. तेथे तेल मुरले, की पुढे उन्हाळ्यात ती खुंटी तार धरीत नाही. पकडीने पिळावी, तर मान मोडते.

आम्ही मणी घोडीकडे वर सरकवून तारेचा ताण हलका केला. मण्याने सूर जरासाच उतरतो, पंचमाचा मध्यम होत नाही. म्हणून तोवर यमन आणि बिहाग गाऊन घेतले. तंबोरा कोरड्या खोलीत आडवा ठेवला. चुलीपाशी मुळीच नाही, उबेने भोपळ्याचा सांधा उकलतो. रोज सकाळी खुंटी बाहेर ओढीत केसभर इकडे, केसभर तिकडे. नवव्या दिवशी करकरली आणि सुटली.

मिरजेचे फरीदसाहेब सतारमेकर हे मूळचे शिकलगार, हत्यारांना धार व झिलई देणाऱ्या घरातले. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते वाचले तेव्हा मला त्या वाद्यांच्या नादाआधी त्यांच्या खुंट्या आठवल्या. आमच्याकडे दरबारची चाकरी होती. घरातला तंबोरा लावताना खुंटीचा आवाज म्हणून कधी ऐकला नाही.

निघालेल्या खुंटीवर दोन चकचकीत पट्टे होते. घासत होती ती तेवढीच. तिच्यावर खडू फासून भोकात फिरवली. खडू जिथे पुसला गेला तिथे बारीक काचकागदाचे दोन हात, पुन्हा खडू, पुन्हा फेरा. बेताबेतानेच, घासलेले लाकूड परत येत नाही. शेवटी कोरडा साबण नखभर आणि त्यावर खडूची भुकटी. साबणाने ती फिरते, खडूने थांबते.

शिष्येला लगेच उरलेल्या तिन्ही खुंट्या काढायच्या होत्या. मी आधी पेन्सिल मागितली. प्रत्येक खुंटीचे भोक ठरलेले असते. खुणा न करता काढल्या, तर कोणती कुठली हे जुळवण्यात श्रावण उलटला असता.