घासतं कुठे?

मोठी अलॉय घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, "सोळा इंची बसेल का?" उत्तर ठरलेलं असतं, "बसेल की!" आणि चाक बसतंही. नट आवळले जातात, गाडी ऐटीत दुकानाबाहेर पडते आणि पहिल्याच यू-टर्नला मडगार्डमधून खर्र असा आवाज येतो. गाडी लो केलेली असेल तर यू-टर्नचीही वाट पाहावी लागत नाही. मागच्या सीटवर तीन माणसं बसली आणि एक गतिरोधक आला की काम झालं.

सगळा राग मग त्या सोळा इंचांवर निघतो, आणि त्यांचा दोष तसा थोडाच असतो. मारुती स्विफ्टचं उदाहरण घेऊ. तिच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ हा टायर येतो. रुंदी १८५ मिमी, टायरच्या भिंतीची उंची या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिमी, आणि रिम १५ इंची. दोन भिंती आणि रिम मिळून चाकाचा व्यास होतो सुमारे ६२१ मिमी. आता १६ इंची रिमवर १९५/५५ चा टायर चढवा. व्यास पुन्हा ६२१ मिमीच. रिम वाढला तेवढी भिंत आखूड झाली. स्पीडोमीटरसुद्धा फसत नाही. गडबड होते ती भरदार दिसतो म्हणून कुणी त्याच रिमवर २०५/६० घेतला की. चाक एकदम ३० मिमीने मोठं होतं आणि मग ते पुढच्या लायनरला लागणारच.

खरी गोम मात्र ऑफसेटमध्ये आहे आणि तो कुणी विचारत नाही. रिमच्या मागच्या बाजूला ईटी ४५, ईटी ३८ असा आकडा कोरलेला असतो. रिमचा हबला टेकणारा भाग रिमच्या बरोबर मधल्या रेषेपासून बाहेरच्या अंगाला किती मिमी आहे, ते हा आकडा सांगतो. आकडा मोठा असेल तर चाक आत बसतं, लहान असेल तर बाहेर येतं. समजा मूळ रिम ६ इंच रुंद आणि ईटी ४५ आहे. नवा घेतला ७ इंच रुंद, ईटी ३८. रुंदी वाढल्याने दोन्ही बाजूंना जवळजवळ १३ मिमी गेले, त्यात ऑफसेटने चाक आणखी ७ मिमी बाहेर ढकललं. म्हणजे बाहेरची कड २० मिमी पुढे आली, आतली जेमतेम ६ मिमी. फेंडरच्या आत वळवलेल्या पत्र्यापाशी हे २० मिमी पुरेसे होतात. मग ईटी ५० चा घ्यावा, तर आतली कड १८ मिमीने शॉकअपच्या दिशेने सरकते. एकीकडे वाचवलं की दुसरीकडे द्यावं लागतं, आणि हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो. तरीही लोक तो चाकं विकत घेतल्यावर करतात, हे मला कधी कळलेलं नाही.

आता गाडी लो करण्याबद्दल. आखूड स्प्रिंग टाकून गाडी ३०-४० मिमी खाली घेतली की फेंडर आणि टायरमधली फट कमी होते. ती फट पाहून लोक घाबरतात, आणि नेमकं तेच चुकतं. चाक जास्तीत जास्त किती वर जाऊ शकतं हे स्प्रिंग ठरवत नाही, शॉकअपच्या दांड्यावरचा बंप स्टॉपर ठरवतो. तो जागेवर असेल तर लो केलेल्या गाडीचं चाकही पूर्वीइतकंच वर जाणार. फरक इतकाच, की पूर्वी ते एखाद्या मोठ्या खड्ड्यात तिथवर पोचायचं, आता वरचेवर पोचेल. म्हणून स्टॉपर कापून राइड मऊ करून देणाऱ्यापासून चार हात लांब राहावं. मूळ स्प्रिंगच ग्राइंडरने कापणं तर त्याहून वाईट. शॉकअप मूळ लांबीचाच राहतो, त्यामुळे चाक खाली लोंबकळलं की आखूड झालेली स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटू शकते.

याचा अर्थ, घासतं की नाही हे सपाट फरशीवर उभ्या गाडीत कळत नाही. नीट काम करणारा मेकॅनिक पुढच्या शॉकअपवरची स्प्रिंग काढतो, खालच्या आर्मला जॅक लावून बंप स्टॉपर दबेपर्यंत चाक वर नेतो आणि स्टेअरिंग दोन्हीकडे फुल काटून बघतो. टायरच्या खांद्याला खडू फासला की जिथे लागतं तिथे पांढरा ओरखडा उठतो. स्विफ्टच्या मागे टॉर्शन बीम आहे. तिथे दोन्ही चाकं जवळजवळ सरळ वर येतात आणि कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, सहजी बदलता येत नाही, म्हणून मागचा फेंडर माणसं बसवूनच तपासावा. वळणावर टायरची भिंत थोडी कलते, तेव्हा बोटभर जागा शिल्लक हवी.

थोडंसंच लागत असेल तर फेंडरच्या आतल्या पत्र्याची कड रोलरने वर दुमडतात. हीट गनने रंग नीट तापवला नाही तर त्याला तडे जातात आणि दोन पावसाळ्यांत तिथे गंज धरतो. कोकणात तर त्याआधीच. दुसरी युक्ती कॅम्बर वाढवून चाकाचा माथा आत कलवण्याची. दिसतं झकास, पण टायरची आतली कड झिजते. रिमचं मधलं भोकही पाहावं: स्विफ्टचा हब ५४.१ मिमीचा आणि बाजारातल्या अलॉयचं भोक बहुतेक वेळा त्याहून मोठं, म्हणून मध्ये रिंग लागते. नाहीतर वेगात स्टेअरिंग थरथरतं.

रस्त्याचं काय? स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी. ४० मिमी खाली घेतली की उरले १२३, माणसं बसल्यावर आणखी कमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, हळूहळू चढणारा असावा. तसा असला तर गाडी सुखरूप पार होते. आपल्या गल्लीतले मात्र उंचीत मानकाच्या पुढे आणि रुंदीत फार मागे असतात. त्यात भिंत आखूड असलेल्या टायरला खड्ड्याचा मार थेट रिमपर्यंत पोचतो. कायद्याचीही बाब आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतले तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. तेव्हा खर्च करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्यावं.

एवढं करूनही हौस शिल्लक असेल, तर वरच्या हिशेबातल्या गाडीला मी १९५/५५ आर १६ टायर, साडेसहा इंच रुंद रिम आणि ईटी ४२ ते ४५ यापलीकडे जाणार नाही. बाहेरची कड ६ ते ९ मिमी पुढे येते, आतली ३ ते ६. स्प्रिंग ३० मिमीच्या आतली, तिला जुळणारे शॉकअप, बंप स्टॉपर शाबूत, शेवटी अलाइनमेंट, आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा एकदा तपासून घ्यायचे.