मोटारीची खरी परीक्षा

मोटारगाडीची परीक्षा म्हटली कीं शर्यतीचें मैदान आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु एक दिवस वेगानें धांवणें आणि वर्षानुवर्षें न कुरकुरतां धांवणें या दोन गोष्टी अगदीं निराळ्या आहेत. यंत्रांत धातूवर धातू घासून झिजतो. ही झीज पहिल्या शंभर मैलांत कळत नाहीं. ती जोखावयाची तर गाडी पुष्कळ चालवावी लागते आणि मग खोलून पाहावी लागते. इंग्लंडांत रोल्स-रॉइस कंपनीनें १९०७ सालीं नेमकें हेंच करविलें.

गाडीचें एंजिन सहा सिलिंडरांचें, सुमारें सात लिटर मापाचें होतें. रुपेरी रंग व अत्यंत कमी आवाज यांमुळें तिला ‘सिल्व्हर घोस्ट’, म्हणजे रुपेरी भूत, असें नांव मिळालें. नुसत्या सांगाड्याची किंमतच ९८५ पौंड. वरची पेटी गिऱ्हाइकानें निराळी करून घ्यावयाची. तेव्हां एवढें द्रव्य खर्चणाऱ्यास खात्री हवी, हें उघड आहे. त्या काळीं सहा सिलिंडरांचें एंजिन धोक्याचें समजत. कारण त्यांतील लांब क्रँकदांडा फिरतांना पिळवटून थरथरे व कधीं मोडेही. हेन्री रॉइस यांनीं तो चांगला जाड केला, त्याला सात बेअरिंगांचा आधार दिला आणि पंपाच्या दाबानें तेल थेट बेअरिंगांत पोंचविलें. तेलाचा पातळ थर मध्यें राहिला म्हणजे धातू धातूला शिवत नाहीं व झीज पुष्कळच खुंटते. कागदावर योजना उत्तम होती. रस्ता काय म्हणतो तें पाहावयाचें होतें.

कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांनीं निवाडा आपल्या हातीं ठेविला नाहीं. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या परीक्षकांच्या देखरेखीखालीं गाडी लंडन व ग्लासगो यांच्या दरम्यान, रविवार वगळून, रात्रंदिवस धांवूं लागली. ६२९ मैलांवर ती एकाएकीं थांबली. हादऱ्यानें पेट्रोलची तोटी आपोआप बंद झाली होती, एवढेंच! ती उघडल्यावर, टायरांची कटकट सोडली तर, गाडी १४,३७१ मैल कोठेंही अडली नाहीं.

एकंदर १५,००० मैल पुरे होतांच क्लबच्या तज्ज्ञांनीं यंत्राचा एकेक भाग सुटा करून तपासला. किरकोळ कांहीं भाग बदलून गाडी पुन्हां नव्यासारखी करण्यास लागणाऱ्या सामानाची किंमत भरली २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स, म्हणजे त्या वेळच्या भावानें सुमारें ३२ रुपये. पंधरा हजार मैलांपेक्षां परक्यांच्या हातून यंत्र उघडून घेण्याचें हें धैर्यच मला अधिक मोलाचें वाटतें.

१९०८ सालीं याच जातीच्या एका गाडीनें आपल्या इकडील मुंबई-कोल्हापूर मार्गावरील घाट चढून दाखविले. पुढें ती ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनीं विकत घेतली. सर्वच घाट मात्र असे वश झाले नाहींत. १९१२ सालीं ऑस्ट्रियांतील काट्शबर्गच्या तीव्र चढणीवर एक सिल्व्हर घोस्ट अडली, कारण तिला तीनच गिअर होते. १९१३ सालीं कंपनीच्या गाड्या पुन्हां आल्प्स पर्वतांत उतरल्या, त्या चौथा गिअर बसवून.