पंचनाम्यानंतर काय?

धनोडीजवळ वर्धा नदीवर निम्न वर्धा धरण झालं आणि वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातली गावं उठली. त्या लोकांनीही पुष्कळ सोसलं. पण कायद्यानं ते 'प्रकल्पग्रस्त' आहेत. दाखला आहे, नव्या गावठाणाचा हक्क आहे, नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. भूकंपग्रस्तांनाही आरक्षण आहे. पुरानं उठवलेल्याला मात्र असा कुठलाच दाखला नाही.

जुलै २०२२मध्ये वणा नदीचं पाणी हिंगणघाटात शिरलं, नदीकाठच्या वस्त्या शाळांमध्ये हलवाव्या लागल्या. मी तेव्हा याच भागात तलाठी होतो. पंचनाम्याला घरात शिरलं की आधी भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास यायचा. एका बाईकडे घराचा कागद मागितला, तर म्हणाली, "कुठून आणू जी भाऊ? पेटीच गेली पुरात." तिचं काय चुकलं होतं? मदतीच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार आणि झोपडीला ८ हजार रुपये आहेत. पण घराचं बांधकाम अधिकृत हवं. नाल्याकाठी राहणाऱ्याच्या नावावर जागा नसते, म्हणून तर तो तिथं राहतो! पाणी आधी त्याच्याच घरात शिरतं आणि यादीतून नावही त्याचंच गळतं.

२००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं शिबिरातला निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार यांची किमान पातळी ठरवायला सांगितलं. ते मोलाचंच आहे. पण शाळा भरायची वेळ आली की शिबिर उठतं आणि माणसं त्याच ओल्या भिंतींत परततात. संयुक्त राष्ट्रांनी १९९८मध्ये देशांतर्गत विस्थापितांसाठी ३० मार्गदर्शक तत्त्वं मांडली. आपत्तीनं घर सोडावं लागलेलेही त्यांत येतात. विसावं तत्त्व सांगतं, हरवलेली कागदपत्रं अवाजवी अटी न घालता पुन्हा द्यावीत. ही तत्त्वं बंधनकारक नाहीत, पण शिबिरातच टेबल मांडून रेशनकार्डाची दुय्यम प्रत द्यायला आपल्याला कोण अडवतं?

थोडक्या वेळात धो धो कोसळणारा पाऊस वाढतो आहे, म्हणजे पूर पुन्हा येणारच. ३० जुलै १९९१ला याच वर्धा नदीनं शेजारच्या नागपूर जिल्ह्यातलं मोवाड उद्ध्वस्त केलं, दोनशेहून अधिक माणसं गेली. मग पुनर्वसन झालं. त्यासाठी आधी माणसं का मरावी लागतात? शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा जिथं आखली आहे, तिच्या वर गावाची ई-क्लास, म्हणजे सरकारी, जमीन किती उरली, हे तलाठ्याच्या दप्तरात सापडतं. ग्रामसभेनं पावसाळ्याआधी ठराव करून ती काठावरच्या घरांसाठी मागावी.