पुढे बॉस आहे, हे तुला कसं कळलं?

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे लिहिलेला अवतार. बोलताना घेतलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत. काही राहिले असतील तर चालवून घ्या.

तर झालं काय, आमच्या फ्लॅटवर रूममेट एक नवा ॲक्शन गेम खेळत होता आणि मी मागे बसून मॅगी खात होतो. लांबलचक बोळ, एकही शत्रू नाही. टोकाला ढीगभर गोळ्या, दोन हेल्थ किट आणि बाजूला सेव्ह पॉइंट. मी म्हटलं, "पुढे बॉस आहे." दार उघडलं, होताच. रूममेटचा धाकटा भाऊ तिथे होता, तो फारसा खेळत नाही. म्हणाला, "दादा, तू हा गेम आधी खेळलायस?" नव्हतो. "मग कसं कळलं?"

"कळतं रे," म्हणून मी विषय संपवला. पण ते उत्तर मलाच पचलं नाही.

खरं सांगायचं तर मी बॉस ओळखला नव्हता. गोळ्या ठेवणाऱ्या माणसाला ओळखलं होतं. रस्त्यावर दगड असाच पडलेला असतो, गेममधला दगड कुणीतरी ठेवलेला असतो. तिथे फुकट काही मिळत नाही, आणि अचानक कुणी एवढं उदार झालं की समजायचं, पुढे वसुली आहे. हे मला कुणी शिकवलं नाही. मग शिकलो कुठे?

बऱ्याच जणांसारखी माझीही सुरुवात टीव्हीला जोडायच्या त्या स्वस्त व्हिडिओ गेमवर झाली. आईने चौथीत घेऊन दिलेला. कॅसेटवर '९९९९ इन १' लिहिलेलं आणि आत खरे गेम मोजून पंधरा-वीस, बाकी तेच ते फिरवून. त्यात सुपर मारिओ ब्रदर्स होता, मूळचा १९८५ चा, शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा. त्याची पहिली लेव्हल आठवा. मारिओ स्क्रीनच्या डाव्या बाजूला उभा, उजवीकडे सगळं मोकळं. म्हणजे उजवीकडे जा. समोरून तो तपकिरी गूम्बा येतो. धडकलात, मेलात, पण दहाच सेकंद वाया गेलेत. पुढच्या वेळी उडी मारता. मग प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून मशरूम निघतं, उजवीकडे जातं, पाइपला आपटून उलट तुमच्याच अंगावर येतं. तुम्ही घाबरून उडी मारता, तर वर विटा. डोकं आपटून खाली येता आणि मशरूम लागतंच. मरायच्या ऐवजी मोठे होता! हे असंच योजलं होतं, असं खुद्द मियामोतोंनी मुलाखतीत सांगितलंय.

माझा आवडता भाग त्याच्या पुढचा. समोरासमोर दोन जिने येतात, मधे साधी जमीन. चुकलात तरी काही बिघडत नाही. थोडं पुढे पुन्हा तसेच दोन जिने, आणि आता मधे खड्डा. आधी सराव, मग परीक्षा. सूचनेची एक ओळसुद्धा नाही. चौथीतल्या मला यातलं काहीच कळलं नव्हतं, पण अशा शेकडो लेव्हल्स खेळल्यावर अंगात काहीतरी मुरतं.

काय मुरतं? यासाठी बुद्धिबळाकडे जाऊ. १९७३ मध्ये चेस आणि सायमन या दोघांनी (हो, एकाचं आडनाव खरंच चेस आहे) खेळाडूंना खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला आणि तो आठवून मांडायला सांगितला. मास्टर खेळाडू नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त सोंगट्या बरोबर ठेवायचा. मग सोंगट्या वाटेल तशा विखरून दाखवल्या, तर मास्टरची आघाडी जवळजवळ गायबच झाली. म्हणजे स्मरणशक्ती अफाट वगैरे काही नव्हती. त्याला सुट्या सोंगट्यांऐवजी ओळखीचे गट दिसत होते. मलाही बोळ, गोळ्या आणि सेव्ह पॉइंट असे तीन पदार्थ दिसलेच नाहीत. एक थाळी दिसली.

पण अनुभवाने अशी नजर येतेच असं नाही. डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये मिळून एक पेपर लिहिला. एक अंतःप्रेरणेवर संशय घेणारा, दुसरा तिचा चाहता. तरी दोन अटींवर त्यांचं एकमत झालं: समोरच्या जगात नियमितपणा हवा, आणि चुकलं की ते वेळेत कळायला हवं. गेममध्ये दोन्ही अगदी ठासून भरलेलं असतं. उडी चुकली हे अर्ध्या सेकंदात कळतं आणि लगेच पुन्हा संधी. उलट आमच्या ऑफिसमध्ये डेटाबेसचं डिझाइन चुकलं हे कळायला सहा महिने लागतात, तोवर करणारा दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. तो कसा शिकणार?

आणि ही नजर फसतेही. टोबी फॉक्सचा २०१५ चा अंडरटेल जुन्या खेळाडूंनाच पकडतो. समोर आला की मार, पॉइंट्स मिळव, ही आपली सवय, आणि तो गेम शेवटी त्याच पॉइंट्सचा हिशोब मागतो. ज्यांनी आधी असे गेम खेळलेच नाहीत, ते कदाचित सरळ बोलायला जातील.

आता माझी फजिती. मी दीड वर्षं रात्री जागून एक छोटा उड्या मारायचा गेम बनवत होतो. इतकी वर्षं खेळलोय, मला कळतंच की! दिवाळीला घरी गेल्यावर फोन आईच्या हातात दिला. ती पहिल्याच खड्ड्यात पडली. पुन्हा पडली. मी मोजत होतो, अकरा वेळा. मग फोन परत देत म्हणाली, "हुशार लोकांसाठी आहे रे हा, मला नाही जमायचं."

हे फार लागलं. चूक माझ्या गेमची होती आणि ती स्वतःला दोष देत होती.

चूक साधी होती. त्यावरच्या उपायाला 'कोयोटी टाइम' म्हणतात. कार्टूनमधला तो कोल्ह्यासारखा प्राणी कड्यावरून पुढे धावतो आणि खाली बघेपर्यंत हवेतच राहतो ना, तसं. कडा संपल्यावरही थोडा वेळ गेम तुमची उडी मान्य करतो. सेलेस्ट या २०१८ च्या गेममध्ये ही सवलत ०.१ सेकंदाची आहे, म्हणजे साठ फ्रेम्सच्या हिशोबाने सहा फ्रेम्स. खेळताना ती दिसत नाही. फक्त "कंट्रोल मस्त आहेत" असं वाटतं.

आणि मला हे माहीत होतं! तरी घातलं नव्हतं, कारण मला कधी गरजच पडली नाही. माझी बोटं इतकी तयार झालेली की माझ्याच गेममधली खोट ती भरून काढत होती. खेळाडूला 'काहीतरी खटकतंय' हे पटकन कळतं, पण सरावलेल्या हातांना खटकायचंच बंद होतं.

शिवाय आईने फुकटचा सल्ला दिला. ती कँडी क्रशच्या दोन हजाराव्या लेव्हलच्या पुढे आहे. "ते लोक पहिल्यांदा कुणाला हरवत नाहीत. आधी जिंकवतात, मग गळा धरतात." मियामोतोंचे जिने मी दीड वर्षात आठवले नव्हते, ते हिने एका वाक्यात सांगितले.

त्याच रात्री मी ०.१ सेकंदाची सवलत घातली आणि खड्ड्याच्या आधी खड्डा नसलेली तशीच एक जागा बनवली. सकाळी ती दुसऱ्या प्रयत्नात पलीकडे गेली. भाऊबीजेपर्यंत चौथ्या लेव्हलला पोचली. तिथे एका भिंतीमागे कोपरा रिकामा राहिला होता, माझ्या आळसामुळे. आई तिथे जाऊन उड्या मारत बसली.

"तिथे काही नाहीये," मी म्हटलं.

"असं कसं? एवढी जागा उगाच सोडलीस होय?"

रात्री तिथे एक नाणं ठेवलं.