हात बसला की नाही, हे कोण पाहणार?

अमेरिकेतल्या दवाखान्यात डॉक्टर खोलीत येण्यापूर्वी पेशंटची गाठ पडते ती बहुधा मेडिकल असिस्टंटशी. वजन करणे, रक्तदाब मोजणे, ईसीजी काढणे, रक्ताचा नमुना घेणे, डॉक्टरांनी सांगितलेले इंजेक्शन किंवा लस देणे आणि जोडीला नोंदी व कागदपत्रे सांभाळणे, हे तिचे काम. आपल्याकडच्या जुन्या कंपाउंडरचे आणि छोट्या क्लिनिकमधल्या सिस्टरचे काम एकत्र केले की साधारण हीच भूमिका तयार होते. ती नर्स नसते, निदान करत नाही, औषधही ठरवत नाही. पण डॉक्टर ज्या आकड्यावर विसंबून गोळी लिहून देतात, तो आकडा पुष्कळदा तिच्या हातून आलेला असतो. अमेरिकेत या कामावर ७.५ लाखांहून अधिक माणसे आहेत, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्यांच्या शिक्षणाला सहसा वर्षभर लागते. एवढ्या थोड्या काळात हाताचे काम शिकवायचे कसे, आणि ते शिकून झाले हे ठरवायचे कशावरून, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नाही. माझे म्हणणे असे आहे की अशा कामाचा दाखला वर्गात किती तास भरले यावर देऊ नये. जाणत्या माणसाच्या नजरेसमोर ते काम किती वेळा बिनचूक केले, यावर द्यावा. आणि तो दाखला जन्मभराचा मानू नये.

यासाठी सर्वांत सोप्या वाटणाऱ्या कामापासून सुरुवात करू. रक्तदाब मोजण्यात शिकण्यासारखे ते काय, असे कुणालाही वाटेल. पण नियमाप्रमाणे पेशंटने आधी पाच मिनिटे शांत बसले पाहिजे, पाठ टेकलेली हवी, पाय जमिनीवर हवेत, पायावर पाय नको, बाही वर करून दंड उघडा हवा, हात आधारावर आणि हृदयाच्या पातळीला हवा, पट्टा दंडाच्या घेराला साजेसा हवा, आणि मोजताना कुणी बोलायचे नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या एका परिषदेत ३७ राज्यांतल्या १५९ वैद्यकीय विद्यार्थ्यांना अशा ११ गोष्टींवर तपासले गेले. त्याचा निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. सगळ्या ११ गोष्टी बरोबर करणारा विद्यार्थी एकच निघाला, आणि सरासरी जेमतेम चारवर आली. या मुलांना नियम कुणी सांगितलेच नसतील, असे म्हणायला वाव नाही. ती डॉक्टर होऊ घातलेली मुले होती. ठाऊक असणे आणि हातून होणे यांच्यातली दरी त्या तपासणीने उघडी पाडली, आणि वर्षभराच्या शिक्षणावर कामाला लागणाऱ्या असिस्टंटच्या बाबतीत ती आपोआप बुजेल, असे मानायला काही आधार नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आता यंत्र आले, बटण दाबले की आकडा येतो, मग हाताच्या कौशल्याची चर्चा कशाला? पण यंत्र पट्टा निवडत नाही आणि पेशंटचा हातही उचलून टेबलावर ठेवत नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी स्वयंचलित यंत्रेच वापरून हे तपासले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, ज्यांना सर्वांत मोठ्या आकाराचा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा पट्टा बांधला, तेव्हा वरचा रक्तदाब सरासरी १९.५ अंकांनी जास्त दिसला. २०२४ साली त्यांनी दाखवले की हात टेबलावर टेकवण्याऐवजी मांडीवर ठेवला तर हा आकडा सुमारे ४ अंकांनी वाढतो आणि नुसता बाजूला लोंबकळत सोडला तर ६.५ अंकांनी. एवढ्या फरकाने निरोगी माणसाला रक्तदाबाची गोळी सुरू होऊ शकते, किंवा आधीच गोळी घेणाऱ्याची मात्रा उगाच वाढू शकते. यंत्रामुळे कानाने ठोके ऐकण्याची गरज संपली, बाकीचे कौशल्य जिथल्या तिथे राहिले.

रक्त काढण्याचे काम याहून अवघड, कारण त्यातला मोठा भाग पुस्तकात उतरतच नाही. पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त वेळ आवळून ठेवायचा नाही, सुई बाहेर काढण्याआधी तो सोडायचा, नळीवर नावाची चिठ्ठी पेशंटसमोरच लावायची, वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचे नाही, एवढे लिहून देता येते. पण जाड हातात न दिसणारी शीर बोटाला कशी लागते, सुई शिरेत गेल्यावर हाताला कोणता फरक जाणवतो, म्हाताऱ्या माणसाची सरकणारी शीर कशी धरून ठेवायची, हे करूनच कळते. जॉर्ज मिलर या अमेरिकन वैद्यकशिक्षणतज्ज्ञाने १९९० साली अशा कौशल्याच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबते. तिसरी पायरी तपासायची सोय स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ सालीच करून दाखवली होती. विद्यार्थ्याने एका टेबलावरून दुसऱ्यावर जायचे, प्रत्येक ठिकाणी ठरलेले एक काम करायचे, आणि परीक्षकाने हातात यादी घेऊन ते पाहायचे. ही पद्धत पुढे जगभरच्या वैद्यकीय परीक्षांत रुजली. दवाखान्यातल्या सहायकांपर्यंत मात्र ती अर्धीमुर्धीच झिरपली.

अमेरिकेत मेडिकल असिस्टंटला देशभर लागू असा परवाना नाही, राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत. जिथे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आहे तिथे दवाखान्यात किमान १६० तासांचा अनुभव घ्यावा लागतो आणि हाताची ठरलेली सगळी कामे करून दाखवावी लागतात. पण शेवटी नावापुढे उपाधी लागते ती पर्यायी उत्तरांची परीक्षा देऊन. कॅलिफोर्नियाच्या नियमात मला अधिक शहाणपण दिसते. तिथे इंजेक्शन द्यायचे तर दहा तासांचे प्रशिक्षण पुरत नाही. स्नायूत, कातडीखाली आणि कातडीत अशा तिन्ही प्रकारची प्रत्येकी किमान दहा इंजेक्शने समाधानकारक रीतीने देऊन दाखवावी लागतात. रक्त काढायचे तर किमान दहा वेळा शिरेतून आणि दहा वेळा बोट टोचून काढावे लागते. दहा हा आकडा पुरेसा आहे की नाही यावर वाद होईल, आणि तो व्हावाही. पण मोजमाप तासांवरून कृतीवर आले, हे महत्त्वाचे. आपल्याकडे २०२१ साली संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. वर्षानुवर्षे विखुरलेल्या या क्षेत्राला त्याने प्रथमच एक चौकट दिली, हे त्याचे श्रेय. मात्र त्याच्या व्याख्येतच पात्रतेचे माप तासांत आहे: संलग्न आरोग्य व्यावसायिकाच्या पदविकेला किंवा पदवीला किमान २,००० तास, आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीला ३,६००. तासांची अट हवीच, नाहीतर दोन आठवड्यांत प्रमाणपत्रे वाटणारी दुकाने उघडतील. पण ती अट हाताबद्दल काहीच सांगत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सराव होतो तो रबरी हातावर आणि प्लास्टिकच्या बाळावर. तिथे निपुण झालेली व्यक्ती खऱ्या पेशंटसमोर तशीच वागेल याची हमी काय? हमी नाही, हे टांझानियातल्या हायडम इथल्या रुग्णालयाने दाखवून दिले आहे. जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला कसे सावरायचे, याचे एक दिवसाचे प्रशिक्षण तिथल्या कर्मचाऱ्यांना दिले गेले. काही महिन्यांनी पाहिले तर बाहुलीवरचे काम सुधारले होते, प्रत्यक्ष प्रसूतिकक्षातले मात्र बदलले नव्हते. इथे थांबले असते तर आक्षेप सिद्ध झाला असता. पण त्यांनी बाहुली प्रसूतिकक्षातच आणून ठेवली आणि तिथल्याच सहकाऱ्यांच्या देखरेखीखाली वारंवार तीन ते पाच मिनिटांचा सराव सुरू केला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांतले मृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. हा आधी आणि नंतर अशा तुलनेचा अभ्यास आहे, त्यामुळे सगळे श्रेय सरावाला देता येणार नाही. तरीही दिशा स्पष्ट आहे. त्रुटी बाहुलीत नव्हती, एकदाच शिकवून मोकळे होण्यात होती. छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याचे कौशल्यही काही महिन्यांतच ओसरू लागते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. म्हणून दाखल्याला मुदत हवी आणि सराव कामाच्या जागी हवा.

तिसरे म्हणणे आपल्याकडे फार ऐकू येते: एवढा खटाटोप कशाला, काम करता करता हात बसतोच. बसतो, पण चुकीचाही बसतो. तबल्यावर पहिल्या महिन्यात बोट चुकीच्या जागी पडायची सवय लागली, तर पुढचा रियाज ती सवयच पक्की करतो. तसेच दहा वर्षे स्वेटरच्या बाहीवरून पट्टा बांधणाऱ्याचा अनुभव दहा वर्षांचा असतो आणि आकडा पहिल्या दिवसाइतकाच चुकीचा. सरावाला चूक दाखवणारी नजर लागते, आणि दवाखान्याच्या धांदलीत ती नजर मिळत नाही. शिवाय अशा शिकण्याची किंमत पेशंट मोजतो, तीही त्याला न विचारता.

उरतो तो पैशाचा आणि माणसांचा प्रश्न. हे सारे मोठ्या रुग्णालयांना परवडेल, पण छोट्या ठिकाणी, कमी शिकलेल्या माणसांकडून कसे होणार, असे विचारले जाते. त्याचे उत्तर गडचिरोलीने फार पूर्वी दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. नवजात बाळाचे वजन, तापमान, श्वास मोजायचा, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखायची आणि गरज पडल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन घरीच द्यायचे, हे त्या शिकल्या. त्यांचे काम गावात जाऊन नियमितपणे तपासले जाई. १९९७-९८ साली या गावांतला नवजात मृत्यूदर हजारी २५.५ होता, तुलनेसाठी घेतलेल्या गावांत ५९.६. 'लॅन्सेट'ने १९९९ साली हे निष्कर्ष छापले आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर आला. हे यश एकट्या प्रशिक्षणाचे नाही, संपूर्ण योजनेचे आहे. पण हाताचे कौशल्य पदवीवर अडून नसते, ते कामे नेमकी ठरवून देण्यावर, पुन्हा पुन्हा करून घेण्यावर आणि सतत पाहत राहण्यावर उभे राहते, एवढे त्यातून नक्की कळते. त्यासाठी महागड्या प्रयोगशाळेपेक्षा शिकवणाऱ्याचा वेळ अधिक लागतो, आणि आपल्या संस्था नेमकी तिथेच काटकसर करतात.

यादी हातात घेऊन तपासल्याने माणसे यंत्रवत होतील, ही भीतीही काहींना वाटते. उलट ज्याचा हात बसलेला असतो, त्याचेच लक्ष पेशंटच्या चेहऱ्याकडे जाऊ शकते. सुई कुठे घालायची याच विवंचनेत असलेली व्यक्ती घाबरलेल्या मुलाशी दोन शब्द काय बोलणार? आणि बोलणे, संमती विचारणे, दुसऱ्यांदा टोचण्याऐवजी जाणत्या सहकाऱ्याला बोलावणे, या गोष्टीही त्या यादीत घालता येतात.

तेव्हा सहायकाच्या प्रमाणपत्रावर अभ्यासक्रमाचे नाव आणि तासांची बेरीज यांच्याबरोबर आणखी तीन गोष्टी असाव्यात: कोणती कामे किती वेळा बिनचूक केली, ती कुणी पाहिली, आणि पुन्हा तपासणी कधी. आपल्याकडे आयोगाचे अभ्यासक्रम आकाराला येत आहेत, तोवरच हा आग्रह धरायला हवा, कारण एकदा हजेरीपटावर चालणारी व्यवस्था रूढ झाली की ती मोडणे अवघड जाते. आपले रक्त काढणाऱ्याला हे काम येते हे कुणी पाहिले आहे का, एवढे विचारण्याचा हक्क प्रत्येक पेशंटला आहे, आणि त्याचे उत्तर नावानिशी लिहून ठेवणे ही संस्थेची जबाबदारी आहे.