विश्लेषण : गोंडपिपरीच्या जंगलाकाठी बसून विज्ञानकथा, भयकथा लिहायला सुरुवात कशी करावी?

तेंदूपत्त्याच्या हंगामात गोंडपिपरी, राजुरा, पोंभुर्णा भागातील माणसे पहाटेच जंगलाची वाट धरतात. वाघ कुठे दिसला, अस्वल कुठून गेले, ही बातमी चहाच्या टपरीवर आधी पोहोचते, मोबाइलवर नंतर. तरीही मराठी भयकथा म्हटले की कोकणातला वाडा आठवतो आणि विज्ञानकथा म्हटले की मुंबई-पुण्यातली प्रयोगशाळा. चंद्रपूर-गडचिरोलीचे जंगल बहुतेक वेळा बाहेरच्या पात्रांना घाबरवण्यापुरते येते. हे चित्र इथे राहणाऱ्यालाच बदलता येईल. त्यासाठी सुरुवात कुठून करायची आणि कोणती काळजी घ्यायची?

विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि भयकथा यांत फरक काय?

एकच प्रसंग घेऊन हा फरक समजून घेता येतो. ताडोबाच्या बफर क्षेत्रातील सीतारामपेठ येथे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे बसवण्यात आले. वाघ गावाच्या दिशेने आला की ते गावकऱ्यांना सावध करतात. असाच एक कॅमेरा एखाद्या काल्पनिक गावाच्या शिवारात आहे असे समजू.

हा कॅमेरा वाघासोबत माणसांच्याही सवयी शिकू लागला आणि उद्या कोण जंगलात जाणार हे आधीच सांगू लागला, तर ती विज्ञानकथा. यात कल्पना नवी असली तरी तिला विज्ञानाचा आधार लागतो. गावाने पूर्वी वाघाशी करार केलेला आहे आणि कॅमेरा लागल्यामुळे तो मोडला, अशी मांडणी केली तर ती अद्भुतकथा. इथे विज्ञानाचे बंधन नाही, पण त्या जगाचे स्वतःचे नियम असतात. आणि वर्षभरापूर्वी मेलेल्या वाघाची सूचना रोज पहाटे ४ वाजता एकाच घराच्या मोबाइलवर येऊ लागली, तर ती भयकथा. तिथे प्रश्न ‘हे कसे घडले’ यापेक्षा ‘याच घरात का’ असा असतो.

मराठीतल्या मोठ्या लेखकांनी सुरुवात कशी केली?

डॉ. जयंत नारळीकर यांचे उदाहरण नवलेखकाला सर्वाधिक उपयोगी आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. नारळीकर तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि खगोलशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव झाले होते. अहमदाबादच्या एका परिसंवादात कंटाळवाणे व्याख्यान सुरू असताना त्यांनी तिथल्याच कागदांवर कथा लिहायला घेतली. नावामुळे परीक्षकांवर दडपण येऊ नये म्हणून स्वतःची आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ हे टोपणनाव घेतले. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगला यांच्याकडून कथेची प्रत करून घेतली. ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. पुढे ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ ही पुस्तके आली आणि २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही.

यातून नवलेखकाने घ्यायचा धडा असा : पहिली कथा नावाच्या जोरावर नव्हे, स्वतःच्या बळावर उभी राहायला हवी. नारळीकरांनी आपल्याला पक्क्या माहीत असलेल्या विषयावरच ती लिहिली.

भयकथेत नारायण धारप आणि गूढकथेत रत्नाकर मतकरी ही ठळक नावे. धारपांच्या लेखनाची प्रेरणा २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटामागेही होती. मतकरींच्या अनेक कथांत भीती साध्या घरातून, ओळखीच्या माणसांतून उगवते. म्हणजे भयासाठी पडका किल्ला शोधायची गरज नाही.

गोंडपिपरी परिसरात कथेसाठी काय सापडते?

भरपूर. तालुक्याच्या एका कडेने वर्धा, तर दुसऱ्या कडेने वैनगंगा वाहते. दोघींच्या संगमातून प्राणहिता होते. याच प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात ‘बारापासॉरस’ या महाकाय डायनोसॉरची सुमारे ३०० हाडे सापडली. ती किमान ६ प्राण्यांची होती. १९७५ मध्ये त्याचे नामकरण झाले. बंगालीत ‘बडा पा’ म्हणजे मोठा पाय. नावाचा दुसरा भाग, ‘टागोराय’, रवींद्रनाथ टागोरांवरून आला. त्याचा सांगाडा आज कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. आपल्या नदीखोऱ्यातला प्राणी हजार किलोमीटर दूर उभा असणे, यातही एक कथा दडली आहे.

चंद्रपूरचे २९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र, वर्धा खोऱ्यातील कोळसा खाणी आणि दर उन्हाळ्यात बातमीत येणारे जिल्ह्याचे तापमान हे विज्ञानकथेचे सरळ विषय आहेत. मे महिन्यात दुपारी घराबाहेर पडणेच अशक्य झाले, तर तेंदूपत्ता तोडणाऱ्या कुटुंबाचे वर्ष कसे जाईल? याचे उत्तर या भागातील लेखक जितके बारकाईने देईल, तितके दुसऱ्याला जमणार नाही.

अद्भुतकथेसाठी ताडोबाची दंतकथा आहे. वाघाशी झुंजताना मरण पावलेल्या तारू या गावप्रमुखाला लोकांनी देव मानले आणि त्यावरून ताडोबा हे नाव पडले, असे सांगतात. गोंडांच्या मौखिक परंपरेत गुहेत कोंडलेल्यांची सुटका करणाऱ्या पारी कुपार लिंगोची गाथा आहे. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडला त्यासाठी दरवर्षी माघ पौर्णिमेला हजारो भाविक येतात. ही जिवंत श्रद्धा आहे. तिचा आधार घेताना जाणत्यांना विचारावे आणि तिच्यातील देवतांना कथेतले राक्षस करू नये.

पहिली कथा कशी बांधायची?

– एकच गोष्ट बदला. बाकी जग जसेच्या तसे ठेवा. कॅमेरा विचित्र वागतो, एवढे पुरे. त्यात परग्रहवासी आणि शापही आणले, तर वाचक कशावरच विश्वास ठेवणार नाही.

– नियम ठरवा आणि पाळा. वाघाशी झालेला करार कशाने मोडतो, हे लेखकाला पहिल्या ओळीपूर्वी माहीत हवे. शेवटी अडचण आली म्हणून नवी शक्ती काढली, की कथा कोसळते.

– किंमत कोण मोजतो ते शोधा. यंत्र चुकले तर पहिला फटका कुणाला? पहाटे मोहफुले वेचायला जाणाऱ्या बाईला की गाडीत बसलेल्या अधिकाऱ्याला? कथा जिला फटका बसतो तिची असते.

– नेमका तपशील द्या. ‘भयाण जंगल’ या शब्दांनी कुणी घाबरत नाही. रोज ओरडणारी माकडे आज गप्प आहेत, हे वाचून जंगलाकाठचा माणूस थांबतो.

– आधी लहान लिहा. दीड ते दोन हजार शब्दांची एक पूर्ण कथा ही अर्धवट सोडलेल्या कादंबरीपेक्षा जास्त शिकवते. मोबाइलवर मराठीत बोलून टंकलेखन करता येते. पहिला खर्डा तसा काढून नंतर मोठ्याने वाचत दुरुस्त करावा.

भयकथा लिहिताना सावधगिरी का हवी?

कारण या भागात कथेतली भीती कथेपुरती राहत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातीलच जिवती तालुक्यात, वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून महिला आणि वृद्धांना बांधून मारहाण करण्यात आली. जादूटोणाविरोधी कायदा राज्यात २०१३ पासून लागू असूनही हे घडले. या कायद्याचा रोख अघोरी कृत्यांवर आहे. कल्पित कथा लिहिणे हा गुन्हा नाही. पण एकटी राहणारी म्हातारी चेटकीण निघते, असा शेवट इथे लिहिला तर तो आधीच असलेल्या संशयाला खतपाणी घालतो.

यावर उपाय आहे आणि त्याने कथा अधिक चांगली होते. भीतीचा रोख उलटा करायचा. म्हातारी नव्हे, तिच्या दारात जमणारा जमाव भयंकर असतो. कालपर्यंत तिच्याकडून ताक नेणारे शेजारी आज दोर घेऊन उभे आहेत, यापेक्षा भयानक कोणते भूत? तोच नियम वाघाच्या हल्ल्यांना लागू. राजुरा भागात माणसांवर हल्ले करणारा ‘आरटी-१’ वाघ ऑक्टोबर २०२० मध्ये जेरबंद झाला. ज्या घरांतील माणसे गेली, ती घरे आजही आहेत. खऱ्या मृत्यूचे नाव-गाव वापरून थरार निर्माण करू नये. गाव काल्पनिक ठेवावे.

भाषा कोणती वापरावी?

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही नवलेखकासाठी सोपी वाट. झाडीबोली ही केवळ विनोदाची भाषा नाही. दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या झाडीपट्टी रंगभूमीच्या हंगामात रात्रभर चालणाऱ्या नाटकांत तीच बोली प्रेक्षकांना रडवतेही. मात्र प्रत्येक शब्द बोलीतून लिहिण्यापेक्षा पात्राची लय पकडणे महत्त्वाचे. सीमेवरील गावांत तेलुगू आणि गोंडीही कानावर पडते. जे कानाला पक्के माहीत आहे तेवढेच घ्यावे.

कथा पाठवायची कुठे?

पहिली वाचक घरचीच असावी : गोष्टी सांगणारी आजी किंवा नियमित वाचणारा मित्र. कुठे कंटाळा आला, एवढेच त्यांना विचारावे. त्यानंतर विज्ञानकथेसाठी १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेची घोषणा पाहावी. शब्दमर्यादा आणि मुदत त्यातच तपासावी. गूढ, भय आणि विज्ञानकथांना ‘धनंजय’, ‘नवल’ यांसारख्या दिवाळी अंकांत जागा असते. दिवाळी अंकांची जुळवाजुळव कित्येक महिने आधी सुरू होते, म्हणून कथा पावसाळा लागण्यापूर्वी तयार असलेली बरी. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवावी, प्रत स्वतःकडे ठेवावी आणि उत्तराची वाट पाहताना दुसरी कथा सुरू करावी.

नकार आला तरी कथा वाया जात नाही. मेलेल्या वाघाची सूचना त्याच घराच्या मोबाइलवर का येते, याचे उत्तर पहिल्या खर्ड्यात सापडेलच असे नाही. तिसऱ्या खर्ड्यात सापडले तरी ती कथा चालते.